डीपीत आमची कॉलनी शेत होती

आमच्या गावचा सुधारित विकास आराखडा, म्हणजे डीपी, कुठं घरं, कुठं शेती, कुठून रस्ते हे ठरवणारा नकाशा, निघाला तेव्हा गावात कुणालाच पत्ता नव्हता, हे मी वाढवून सांगत नाहीये, खरंच नव्हता. गावाचं नाव लिहीत नाही, जालना-परभणी पट्ट्यातलं तालुक्याचं गाव समजा, नगरपरिषद आहे, मोंढा म्हणजे धान्याचा बाजार आहे आणि मोंढ्याच्या मागं आमच्यासारख्या गुंठेवारीतल्या कॉलन्या आहेत. आराखड्यावर हरकती मागवायची नोटीस निघाली ती ऐन महालक्ष्म्यांच्या तोंडावर, जिल्ह्याच्या एका पेपरात आतल्या पानावर, टेंडरच्या जाहिरातींच्या मधोमध, आणि तो पेपर आमच्याकडं फक्त स्टँडवरच्या हॉटेलात येतो, तिथंही लोक त्यावर भजे खातात. घरात महालक्ष्म्यांची तयारी, शेतात मूग-उडीद काढायचा, अशात नोटीस कोण वाचणार.

कळलं ते असं. शेजारचे अण्णा वर एक मजला चढवायचा म्हणून लोनच्या मागं होते, बँकेनं नगरपरिषदेची बेबाकी, म्हणजे काही थकबाकी नसल्याचा दाखला, मागितली, ते आणायला गेले तर तिथल्या ओळखीच्या शिपायानं हळूच सांगितलं, "अण्णा, मजला कशाला चढवायलाव, तुमचं घर डीपी रस्त्यात गेलंय." अण्णांना आधी वाटलं चेष्टा करायलाय. घरी येऊन सांगितलं तेव्हा अख्ख्या गल्लीत चुलीवरचं चुलीवरच राहिलं.

आता थोडं आमच्याबद्दल. आमचे प्लॉट २० बाय ३० चे, खरेदी कुणाची रजिस्ट्री, कुणाची नुसती बॉण्डवर. मराठवाड्यात अर्ध्या गावांची ही कथा आहे, मूळ मालकानं शेत पाडून प्लॉट विकले, एनए म्हणजे बिगरशेती परवानगी वगैरे काही नाही, घेणाऱ्यानं पैसे होते तेवढ्यात घर बांधलं. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ ला त्यात सुधारणा करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटना नियमित करून घ्यायची सोय झाली, पण आमच्यातल्या निम्म्यांनी फाईलच टाकली नव्हती कारण पैसे भरायचे होते. घरपट्टी मात्र सगळे भरतो. लाईट आहे, नळ आहे, मतदान केंद्र आहे. मी घरी लेकरांच्या ट्यूशन घेते आणि कागद वाचायची थोडी सवय आहे, त्यामुळे हे लफडं माझ्याकडं आलं. घर माझ्या नावावर आहे हेही एक कारण.

नकाशा बघायला आम्ही चौघी-पाचजणी गेलो. पुरुषमंडळी आधी पुढाऱ्याकडं गेली, ते पुढं सांगते. कायद्यानं प्रारूप, म्हणजे मंजुरीआधीचा कच्चा, आराखडा लोकांना बघायला मोकळा ठेवावाच लागतो, आणि ठेवलेला होता, बांधकाम विभागात भिंतीला लावला होता, फक्त त्या भिंतीसमोर लोखंडी कपाट होतं. कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीतून अर्धा नकाशा दिसायचा. मी तिथल्या बाबूंना म्हणलं, कपाट जरा सरकवता का, तर म्हणाले, "मॅडम, ते भरलेलं आहे, नाही सरकत, वेबसाईटवर बघा ना." वेबसाईटवरची पीडीएफ मोबाईलवर उघडली तर आमची कॉलनी नखाएवढी, गट नंबर वाचताच येईना. शेवटी कपाटातल्या फायली आम्हीच बायकांनी काढून टेबलावर रचल्या आणि कपाट ढकललं. बाबू बघत बसले. हे झाल्यावर मात्र त्यांनी स्टूल आणून दिलं, माणूस वाईट नव्हता.

नकाशात पिवळं म्हणजे राहायचा भाग आणि शेतीचा भाग हिरवट असतो. मोंढा सापडला, मोंढ्यापासून बोट सरकवत आले तर आमच्या कॉलनीच्या जागी हिरवट. घरं नाहीत, गल्ल्या नाहीत, बोअर नाही, मारुतीचं देऊळ नाही. आणि त्या हिरवटातून सरळ पट्टीनं ओढल्यासारखा १५ मीटरचा रस्ता. १५ मीटर म्हणजे जवळजवळ ५० फूट आणि आमचा प्लॉट लांबीला ३० फूट, म्हणजे रस्ता आमच्या दारावरून जात नव्हता, घराला गिळून मागच्या गल्लीत शिरत होता. मावशी, ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी विचारलं, "आपलं घर कुठंय ह्याच्यात?" मी म्हणलं, मावशी, नाहीच हे. त्या म्हणाल्या, "मग घरपट्टी कशाची घेतेत?" पुढं सुनावणीत आमचा सगळ्यात भारी मुद्दा हाच ठरला.

घोळ कुठं झाला हे नंतर समजलं. आराखडा करायच्या आधी गावाचा सर्व्हे करून आत्ता कोणती जमीन कशासाठी वापरात आहे त्याचा नकाशा करावा लागतो, एमआरटीपी म्हणजे १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम २५ ला तो आहे, आणि पुढचा सगळा आराखडा ह्या नकाशावर बेततात. इथंच आम्ही शेत होतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. हे फक्त आमच्याच गावात होतं असं समजू नका, २०१५ ला खुद्द मुंबईचा प्रारूप आराखडा अशाच चुकांनी भरलेला निघाला, हजारो हरकती आल्या आणि मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्त करून पुन्हा आणा म्हणून परत पाठवला. मुंबईत बोलणारे लोक आहेत, पेपर आहेत, आमच्याकडं काय.

तर पुरुषमंडळी पुढाऱ्याकडं गेली. त्यांनी ताबडतोब निवेदन तयार केलं, खाली दीडशे सह्या, मुख्याधिकाऱ्यांना देताना फोटो काढला, दुसऱ्या दिवशी पेपरात आला, पुढारी मधोमध. सगळ्यांना वाटलं झालं काम. मी जिल्ह्याच्या ठिकाणी ओळखीच्या एका वकिलांना फोन केला, त्यांनी निवेदन व्हॉट्सॲपवर मागवलं, वाचलं आणि म्हणाले, ताई, ही एक हरकत झाली. मी म्हणलं, दीडशे सह्या आहेत. म्हणाले, सह्या दीडशे असतील, कागद एक आहे, आवक नंबर एक पडणार, सुनावणीचं पत्र एकालाच येणार, ते वरच्या पहिल्या नावाला, आणि पहिलं नाव कुणाचं आहे बघा. पहिलं नाव पुढाऱ्याचं होतं. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला.

मग वकिलांनी नीट समजावलं. कलम २६ ची नोटीस निघाली की ३० दिवस. त्या ३० दिवसांत ज्याचा लेखी कागद आत गेला त्यालाच सुनावणीत उभं राहता येतं, बाकी तुम्ही उपोषण करा, मोर्चा काढा, रास्ता रोको करा, त्याची फाईलमध्ये कुठंही नोंद होत नाही. आणि आत्ताच थेट हायकोर्टात गेलात तर आधी हरकत घेतली का असं विचारतील. औरंगाबादच्या आराखड्याचं उदाहरण त्यांनीच दिलं, तो २०१६ ला खंडपीठानं रद्द केला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि शहराला नवीन प्रारूप बघायला २०२४ उजाडलं. म्हणजे कोर्टात जिंकलो तरी पुढं काय होतं ते बघा, असं त्यांचं म्हणणं. मला ते त्या वेळी पटलं नव्हतं, मला वाटत होतं की सरळ कोर्टात जावं, पण खर्च ऐकल्यावर पटलं.

हरकत कशी लिहायची ते सांगते कारण हे कुणीच सांगत नाही. अर्ज साधा असतो. नाव, पत्ता, गट नंबर, प्लॉट नंबर, आराखड्यातल्या कोणत्या प्रस्तावाला हरकत आहे ते, का आहे ते, त्याऐवजी काय करावं ते, आणि शेवटी "मला समक्ष सुनावणी मिळावी" हे वाक्य, हे विसरायचं नाही. "आमच्यावर अन्याय झाला आहे, आम्ही गरीब आहोत" असलं लिहून काही होत नाही, प्रत्येक घर गरीबच असतं. आम्ही लिहिलं की जमीन वापर नकाशात हा भाग शेती दाखवलाय, प्रत्यक्षात घरं आहेत, पुरावा म्हणून घरपट्टीची पावती, कर आकारणीचा उतारा, लाईट बिल, खरेदीचा जो असेल तो कागद. रस्त्याला आमचा विरोध नाही, मोंढ्याकडं जाणारा जुना रस्ता आहे तोच रुंद करा. हे शेवटचं वाक्य ठेवायचं का नाही ह्यावर रात्री बारापर्यंत भांडण झालं, अण्णा म्हणाले रस्ताच नको म्हणा, पण वकील म्हणाले पर्याय दिला तर सुनावणी घेणाऱ्या समितीला काहीतरी लिहायला मिळतं.

एकीच्या नावानं एक अर्ज टाईप केला आणि नाव-प्लॉट बदलून प्रिंट काढल्या, पण प्रत्येक अर्जात एक ओळ हातानं लिहायला लावली, त्या घराची स्वतःची. कुणी लिहिलं आई अंथरुणाला खिळलेली आहे, कुणी लिहिलं घरकुलाचा हप्ता उचललाय. वेळ लागला. सोयाबीन काढणी सुरू झालती, माणसं पहाटे शेतात आणि रात्री परत, म्हणून सह्या रात्रीच घ्याव्या लागायच्या, टॉर्च लावून.

आणि मग आवक-जावक. इथं खरं घोडं पेंड खायला लागलं. तिथले साहेब म्हणाले, विषय एकच आहे ना, मग सगळे एका पत्राला जोडून द्या, एक नंबर टाकतो. मी म्हणलं, नाही, प्रत्येकाला वेगळा नंबर. "मॅडम, मला जेवायला जायचंय." म्हणलं, जाऊन या, आम्ही बसतो. खरंच बसलो, पायऱ्यांवर, डबे उघडले, कोरड्यास-भाकर खाल्ली, त्यांना पण विचारलं. परत आल्यावर ते गप्प एकेक शिक्का मारायला लागले, आणि आमच्यातली एक पोरगी प्रत्येक पोचचा लगेच मोबाईलवर फोटो काढत गेली. ज्या लोकांना येता आलं नाही त्यांचे अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवले, पण पोस्टाला दिवस लागतात आणि मुदत कागद पोचायची असते हे धरून आधीच टाकले.

मुदत संपायच्या आत आणखी एक मागणी केलती, की कॉलनीत येऊन नकाशा समजावून सांगा, एक सभा घ्या. उत्तर लेखी आलं, तेवढं बरं, की अधिनियमात अशा सभेची तरतूद नाही. हे खरंय. कायद्यात लोकांचा सहभाग म्हणजे नोटीस, ३० दिवस, हरकत, सुनावणी, संपलं. कुणी तुम्हाला आधी विचारत नाही की गावाला काय पाहिजे, आधी आखतात मग विचारतात काही त्रास आहे का. नगरसेवकाला धरावं म्हणलं तर नगरपरिषदेवर तेव्हा प्रशासक, ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेच्या भानगडीत निवडणुकाच लांबलेल्या, म्हणजे भांडायला निवडून दिलेलं माणूसही नाही. मुख्याधिकारी भेटले, चहा पाजला, म्हणाले मी नवीन आहे, आराखडा माझ्या आधीचा. त्यांचं खरंही असेल.

मधल्या काळात माहिती अधिकार टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून अर्ज, मागणी एवढीच की जमीन वापराचा सर्व्हे कधी केला, कुणी केला आणि आमच्या गटाची जागेवरची नोंद दाखवा. तीस दिवसांत उत्तर आलं, "माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे". म्हणजे काहीच नाही. पण त्याच्यापेक्षा कामाचं निघालं दुसरंच, शासनाचं २०१८ चं एक परिपत्रक आहे, सोमवारी दुपारी तीन ते पाच कार्यालयातले कागद लोकांना बघू द्यायचे. ते प्रिंट काढून दाखवलं, आधी म्हणाले असं काही नसतं, मग फोनवर कुणाला तरी विचारलं, मग म्हणाले बसा. फाईल आली. त्यात आमच्या भागाचा उपग्रहाचा फोटो लावलेला होता, त्यात पत्रे चमकायलेत, घरं मोजता येतील इतकी स्पष्ट, आणि त्याच्याच मागच्या पानावर तक्त्यात त्याच गटापुढं लिहिलेलं, शेती. दोन्ही पानं एकाच फाईलमध्ये टाचलेली. मी दोन रुपये पानाप्रमाणं झेरॉक्स मागितली आणि त्याच्यावर साक्षांकित शिक्का मारून घेतला. अपील वगैरे करत बसलो असतो तर सुनावणी कधीच होऊन गेली असती.

सुनावणीचं पत्र आलं ते सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी, आणि तेही सगळ्यांना नाही. ज्यांना पत्र नाही त्यांनी पोच घेऊन यायचं असं ठरवलं, आणि तेच कामाला आलं, दारावर यादी घेऊन बसलेल्या माणसानं "तुमचं नाव नाही" म्हणलं की पोच पुढं करायची. नियोजन समिती म्हणजे स्थायी समितीतले तीन आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार, असं कायद्यात आहे, पण आमच्याकडं निवडून आलेलं कुणी नव्हतंच त्यामुळे टेबलामागचे सगळे नेमलेलेच. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. आधी मोठे बिल्डर, वकील घेऊन आलेले, त्यांना मात्र निवांत ऐकलं, हे मी डोळ्यांनी बघितलं. आमचा नंबर लागेपर्यंत दुपार झाली, लेकरं शाळेतून आली असतील म्हणून निम्म्या बायका जायला निघाल्या, त्यांना अडवून धरावं लागलं.

मी बोलायचं पाठ केलतं, पण आत गेल्यावर वकिलांचा एकच शब्द आठवला, कागद दाखवा. त्या दोन झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्या. समितीतले एक रिटायर झालेले नगररचनाकार होते, त्यांनी चष्मा वर केला, फोटो बघितला, तक्ता बघितला, आणि बाजूला बसलेल्या, सर्व्हे करणाऱ्या एजन्सीच्या पोराला विचारलं, जागेवर कोण गेलं होतं? पोरगं म्हणालं, सर, ते आधीची टीम. मग मावशी पुढं झाल्या. त्यांना कुणी बोला म्हणलं नव्हतं. घरपट्टीच्या पावत्यांची जुडी पदरातून काढली, दोऱ्यानं बांधलेली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, नगरपालिका वावराची घरपट्टी घेती का?" सगळे हसले, ते साहेबही हसले, पण त्यांनी ते लिहून घेतलं, मी वाकून बघितलं की काय लिहायलेत. 'कर आकारणी नोंद तपासावी.' अण्णांनी बाहेर येऊन मावशींना चहा पाजला, दोन कप.

मग कित्येक महिने काही नाही. ह्या काळात घरं पाडणार अशा अफवा रोज, एक दलाल तर येऊन गेला, आता विका नाहीतर काहीच मिळणार नाही. तर सांगायचं म्हणजे आराखड्यात रेषा आली म्हणून उद्या बुलडोझर येत नाही. जागा संपादन करावी लागते, मोबदला द्यावा लागतो, आणि अंतिम आराखड्याला दहा वर्षं झाली तरी घेतली नाही तर कलम १२७ ची नोटीस देऊन त्या जागेवरचं आरक्षण उठवायची वाट आहे, नोटिशीनंतर दोन वर्षांचा वेळ त्यांना. पण म्हणून गप्प बसायचं असंही नाही, कारण नुसतं प्रारूप निघालं तरी बांधकाम परवानगी देताना त्याचा विचार होतो, परवानगी अडकली की लोन अडकतं आणि पोरीच्या लग्नाला प्लॉट विकावा म्हणलं तर गिऱ्हाईक पळतं. अण्णांचं लोन तसंच अडकलं, मजला अजून चढलेला नाही, सळया गच्चीवर गंजायल्यात.

शेवटी समितीचा अहवाल झाला आणि बदलांची यादी लागली. आमची कॉलनी पिवळ्यात आली. रस्ता घरांवरून हलला. पेढे वाटले लोकांनी, पुढाऱ्याचा बॅनर लागला, "पाठपुराव्याला यश". बॅनरवर मावशींचा फोटो नव्हता हे वेगळं सांगायला नको.

पण रस्ता हलला तो जुन्या रस्त्यावर नाही गेला, जिथं आम्ही सांगितलं होतं. तिथं मोंढ्यातल्या आडत्यांची दुकानं आहेत, ती कोण पाडणार. रेषा सरकली नाल्याकडं, आणि नाल्याच्या कडेला वस्ती आहे, पत्र्याची घरं, त्यांच्याकडं तर बॉण्ड पण नाही. त्यांनी हरकत घेतली नव्हती कारण पहिल्या नकाशात त्यांच्यावर काही नव्हतंच. आणि ही बदलांची यादी लोकांच्या माहितीसाठी प्रसिद्ध केलीय, हरकतीसाठी नाही, असं नगरपरिषदेत स्पष्ट सांगितलं. म्हणजे ज्याच्यावर पहिल्यांदा रेषा आली त्याला ३० दिवस, आणि ज्याच्यावर नंतर आली त्यानं फक्त माहिती करून घ्यायची. ह्याला सल्लामसलत म्हणतेत.

तिकडची माणसं आमच्याकडं आली ती भांडायलाच आली, तुम्ही तुमच्या अंगावरचं आमच्या अंगावर ढकललं म्हणून. त्यांची काय चूक. अण्णांचं आणि त्यांचं तर गचांडी धरण्यापर्यंत गेलं. मी वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, आराखडा आता शासनाकडं मंजुरीला जाईल, शासनानं त्यात मोठे बदल करायचं ठरवलं तर कलम ३१ खाली पुन्हा हरकती मागवतात, तेवढ्या बदलांपुरत्या, ती संधी आली तर सोडू नका, तोपर्यंत ह्यांची घरपट्टी सुरू करून घ्या, लाईट बिलं गोळा करा, आणि नगरविकास खात्याला आणि नगररचना संचालकांना पुण्याला आत्तापासून पत्रं टाकून ठेवा, प्रत्येकाचं वेगळं. आमच्याच अर्जाची फाईल कॉम्प्युटरमधून काढली, नावं बदलली, हातानं लिहायची ओळ मोकळी सोडली. आमच्यातले काही म्हणाले आपलं झालंय, आता कशाला पडायचं ह्यात, ते आले नाहीत. बाकीचे आले.

आता फाईल मुंबईला आहे. नोटीस निघालीच तर राजपत्रात निघणार, आणि राजपत्र कुणाच्या घरी येत नाही, म्हणून ट्यूशनच्या एका बारावीतल्या पोराला काम लावलंय, दर आठवड्याला शासनाच्या साईटवर भाग एक, विभागीय पुरवणी उघडायची आणि गावाचं नाव शोधायचं. त्याची बारावी संपली की तो पुण्याला जाणार, मग ते काम नाल्याकडच्या एका पोरीकडं देणार आहे, तिला कसं शोधायचं ते आत्ताच दाखवून ठेवलंय.